रकाना क्रमांक नऊ

ला पासहून निघताना इंजिनीअरबाईंनी
फॉर्मांचा गठ्ठा मागच्या सीटवर ठेवला
आणि त्याला पट्टा बांधला, लेकराला बांधावा तसा.
मी खात्याच्या जीपचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं झाली.
मंत्री सात बदलले, क्लच चार.

फॉर्म सगळ्या बोलिव्हियाला एकच.
रकाना नऊ : यंदा किती झाडं लावली?

पहिला मुक्काम पठारावर, तळ्याकाठी.
म्हणजे नकाशातल्या तळ्याच्या.
खाली मीठ, वर आभाळ, मध्ये नुसता वारा
आणि कलंडलेली एक होडी,
तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली.
एव्हारिस्तो चोकेनं प्लास्टिकच्या पिशवीतून
मासेमारीचा परवाना काढला. शिक्का ताजा.
"फी दरवर्षी भरतो," म्हणाला,
"उद्या पाणी परत आलं, तर म्हणतील तू कोळीच नव्हेस."
बाईंनी विचारलं, झाडं?
तो हसला नाही. पावणेचार हजार मीटरवर
हसायलाही दम लागतो.
गुडघ्याएवढं एक खुरटं झुडूप दाखवलं फक्त :
"हे ना आईनं लावलं, ना मी.
लिहा हवं तर."
बाईंनी शून्य लिहिलं.
शून्य जरा मोठंच आलं.

मग उतार. ढग खिडकीतून आत येतात,
कानात दडे बसतात, अंगावरचं लोकरीचं एकेक गळतं.
इथं दुसरा मुक्काम होता, नदीपाशी,
जिथं पंप रात्रंदिवस वाळू उपसतात,
सोनं वर जातं, पारा पाण्यात राहतो.
मी त्या फाट्यावर जीप वळवलीच नाही.
"दरड कोसळली असेल," म्हणालो.
'असेल'ला कोणी खोटं पाडू शकत नाही.
तिथल्या पंपावर माझा लिम्बर्त आहे. बाविशीचा.
त्याच्या पैशांवर धाकटीचं नर्सिंग चाललंय.
बाई बोलल्या नाहीत. काच वर केली.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"माझा भाऊ सोयाबीन लावतो. खाली, जंगल होतं तिथं."
मग आम्ही दोघं दरडीकडे पाहत राहिलो,
जी नव्हती.

खाली पूर्वेला हवा अजून जळकट.
झाडं उभी आहेत, काळी, पानांवाचून,
जणू कुणी येऊन मोजेल म्हणून थांबलेली.
परवानगी वीस हेक्टर जाळायची होती.
वाऱ्याला वाचता येत नाही.
दोन्या पेत्रोना सुरुबीच्या मधाच्या पेट्या गेल्या,
नातवाचा खोकला राहिला.
आग विझल्यावर अकराव्या दिवशी
खात्याच्या ट्रकनं निलगिरीची दोनशे रोपं आली.
"लावलीत?"
"लावली ना. ट्रकवाला सही घेतल्याशिवाय हलेना."
मग तिनंच फॉर्म उलटा करून पाहिला, पाठपोट :
"आणि जळालेल्यांचा रकाना कुठाय?"
बाईंनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

महिन्यानं कचेरीतून निरोप आला,
रिकामी जागा चालत नाही, सरासरी भरा.
शून्य आणि दोनशे, भागिले दोन.
शंभर झाडं नदीला.
बेरजेला बरं पडतं म्हणून शंभर तळ्यालाही,
आणि राहिलेली शंभर पेत्रोनाबाईंना.
मिठात शंभर झाडं उभी राहिली,
सावलीसकट, तीन प्रतींत.
सही करताना बाईंचा हात हलला नाही.
माझाही नाही. साक्षीदार म्हणून माझी सही लागते.

त्या संध्याकाळी एल आल्तोत दारासमोर जीप धुतली.
चाकांतून आधी राख निघाली, मग लाल चिखल,
सगळ्यात शेवटी, पार आत चिकटलेलं मीठ.
दोन बादल्या झाल्या, तिसरी उचलली,
तेवढ्यात समोरची डोमितिला गच्चीवरून ओरडली :
"अहो सरकार! नळ आता परवा येणार!"

तिसरी बादली तशीच घरात नेली.
झाकून ठेवली.