वीस अक्षरांचा रकाना

नोंदणीच्या खोलीला खिडकी नाही.
मागे बॉयलर, पुढे काउंटर,
मध्ये मी, डॉर्लीन वाशेक, सव्वीस वर्षं,
आणि राखाडी कपाटांत अकराशे बेचाळीस मुलं,
आडनावांच्या क्रमाने उभी.
बाहेर नेब्रास्का. मका कापून झालेला,
झेंड्याची दोरी दिवसभर खांबावर टकटक करते,
कुणी दार उघडत नाही.

ती सप्टेंबरात आली, आईबरोबर.
आई कारखान्यातली रात्रपाळी संपवून तशीच आलेली,
मांस कापायचे रबरी बूट,
कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ.
येसेनिया मारिबेल त्झुनुन शोल.
संगणक म्हणाला, वीस अक्षरं, बास.
‘येसेनिया मारिबेल त्झुन’पाशी रकाना भरला,
उरलेलं नाव खाली सांडलं.
‘त्झुनुन म्हणजे काय?’ मी उगाचच विचारलं.
मुलीने दोन बोटं फडफडवली, भराभर,
एकाच जागी.
दुभाष्या फोनवर होता, त्याला दिसलं नाही.

मग फॉर्म. लसी. घरात बोलतात ती भाषा. जेवणाची सवलत.
आणि तो पिवळा, जो बहुतेक जण न वाचताच परत देतात:
माझ्या पाल्याची कोणतीही माहिती कुणालाही देऊ नये.
तो आईने दोनदा वाचून घेतला
आणि सही अशी दाबून केली
की खालच्या तीन कागदांवर उमटली.
मी काही विचारलं नाही.
विचारलं तर लिहावं लागतं,
लिहिलं की कधीतरी कुणीतरी मागतं.

फेब्रुवारीत फोन आला.
मऊ आवाज. मुलीचा काका म्हणे.
वाढदिवसाचं पार्सल पाठवायचंय,
शाळा तेवढी कुठली ते सांगा.
म्हटलं, या नावाची मुलगी इथे आहे असं मला सांगता येत नाही,
नाही असंही सांगता येत नाही.
तो हसला. आमच्याकडच्या बर्फाची चौकशी केली.
पुन्हा फिरून तिथेच आला.
मी ताकाला तूर लागू दिली नाही,
पण फोन ठेवल्यावर बघते तर
पेन्सिलीचं टोक मोडलेलं.
मुख्याध्यापिकेला सांगितलं, आईला कळवलं,
वहीत वेळ टाकली: दोन वाजून अकरा मिनिटं.

सोमवारी येसेनिया आली नाही.
मंगळवारी तिच्या खुर्चीवर कुणाचा तरी कोट.

एप्रिलात राज्याची परीक्षा.
शंभरातल्या पंच्याण्णवांनी बसलंच पाहिजे,
नाहीतर शाळेच्या नावापुढे शेरा.
चौथीत चाळीस मुलं. दोघं तापाने घरी.
हॅल्वर्सन साहेब तक्ता घेऊन दारात:
‘ही तिसरी कुठाय?’
त्यांना अडतीसावा आकडा हवा होता.
वाईट माणूस नाही, त्यांच्यावरही कुणीतरी आहे.

शाळा सोडल्याचे सतरा सांकेतिक अंक आहेत माझ्याकडे.
दुसरा जिल्हा, दुसरं राज्य, परदेश,
घरी शिक्षण, तुरुंग, मृत्यू.
एका रात्रीत सामान बांधलं, याला अंक नाही. मी शोधला.
आणि नव्या शाळेचा कागद येईपर्यंत
मुलगी पटावरच राहते, नियमाने.
मग तसंच लिहिलं: पटावर आहे. गैरहजर.
आम्हाला शेरा मिळाला.

मे महिन्यात लिफाफा आला. दाखल्याची मागणी.
छापील रकान्यात तिचं नाव तिथेही अर्धवटच,
पण तिथल्या कुणीतरी
समासात, निळ्या शाईने,
चारही शब्द हाताने पुरे केले होते.
मी त्या अक्षराकडे बराच वेळ बघत बसले.
माझ्यासारखीच कुणीतरी, बिनखिडकीच्या खोलीत.

कुठलं राज्य, ते विचारू नका.
आणि वर जे नाव मी सांगितलं
ते तिचं नाही. माझंही नाही.
मका होता की गहू, तेही सोडा.
बोटांचं तेवढं खरं आहे.

फाइल सीलबंद करून टपालात टाकली.
कपाटात तिच्या जागी
बोटभर फट राहिली होती,
जूनपर्यंत बाकीची हळूहळू कलंडली तिच्यावर.