बरणीचे दहा रुपये

पहाटे पावणेचारला गुलटेकडीत
शेवंती किलोवर, निशिगंध किलोवर,
गुलाब वीस-वीसच्या गड्डीत,
वर्तमानपत्रात माना आवळलेले.
शकील स्कूटरवर पोतं चढवताना विचारतो,
ताई, आज वाहायचे की खायचे?

खायचे वेगळे. ते सोमवारी येतात,
यवतहून, कोद्र्यांच्या बांधावरून,
ठेंगणे, फिके, औषध न मारलेले.
दुकानात मांडले तर कुणी भाव विचारणार नाही.
पण नाक जवळ न्या.

फुलाला कोरडा हात चालत नाही,
साखरेला ओला.
दिवसभर मी पदराला हात पुसत असते
आणि नागनाथ पाराच्या कोपऱ्यावर
दोन तराजूंच्या मधे उभी असते.

गोकर्णाच्या वड्या पहिल्यांदा केल्या
तेव्हा आठ दिवस ताटातच राहिल्या.
निळं कुणी खातं का?
मग काउंटरवरच वाटीभर पाकात लिंबू पिळलं.
निळ्याचं जांभळं झालं
आणि शाळा सुटलेल्या तीन पोरी
अख्खं ताट रिकामं करून गेल्या,
एकमेकींना जिभा दाखवत.

सासरे म्हणायचे, फुलं उधार देऊ नयेत.
पैसे येईस्तोवर माल कोमेजून जातो,
कशाचे मागतोय तेच आठवत नाही.
तरी वही आहेच, लाल पुठ्ठ्याची.
'बारसं, झेंडूची तोरणं, बाकी साठ.'
'देशमाने, तिरडीचा हार. मागू नये.'
'उकिडवे बाई, गुलकंद, बरणीचे दहा आपल्याकडे.'

पाटी लावली आहे :
बरणी धुऊन आणल्यास दहा रुपये परत.
खाली माझ्या मुलाने खडूने लिहिलंय,
न धुता आणल्यास पाच.
कुणी आणत नाही.
पेठापेठांतून माझ्या बरण्यांत आता
हळकुंडं असतील, बटणं, वाती, सुटे पैसे.

उकिडवे बाईंची आणली त्यांच्या सुनेने.
परवा, दुपारी दीडला,
शटर अर्धं ओढलेलं, ती वाकून आत आली.
म्हणाली, मार्चमध्येच बांधून ठेवली होती त्यांनी,
वर तुमच्या दुकानाचं नाव चिकटवून.
आत्ता ऑक्टोबर चाललाय.
मी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.

झाकण घट्ट बसलेलं, गरम पाणी ओतावं लागलं.
तळाशी पाच-सहा बकुळी,
वाळून चामड्याच्या रंगाच्या झालेल्या,
आणि वास
अजून.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये
हे मला माहीत होतं.
विकलेल्या बरणीलाही ते लागू होतं
हे नव्हतं.

सुनेला दहाची नोट दिली.
तिने घेतली,
न घेणं म्हणजे फार बोलणं झालं असतं.

मग वही काढून बसले. उकिडवे बाईंचं पान.
दहा रुपये फिटले, तिथे रेघ मारली.
बकुळी कुठे लिहू? जमा? नावे?
शकील म्हणाला, वजन तरी करू का?
काट्यावर ठेवल्या.
काट्याने शून्य दाखवलं, दोनदा.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक
दारातूनच नाक वर करून म्हणालं,
बकुळीचं काही करता वाटतं तुम्ही?

म्हटलं, नाही हो.
अजून नाही.