टाचणी

शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरींनी झगा आणून टाकला
माझ्या मशीनवर. डांबरगोळ्यांचा वास.
"उमापसाहेबांचा आहे, चांगला टिकलाय. नवा कशाला?
उद्या आठच्या उपासनेला हवा."

उमापसाहेब सहा फूट, नावासारखेच, मापात न बसणारे.
शुलामिथबाई वाघचौरे माझ्या खांद्याला लागतात.
बारा वर्षं डीकन. बारा वर्षं ताटली पुढे करायची,
भाकर मोडायची दुसऱ्यानं.

सेक्रेटरी दारात थबकले. आवाज खाली.
"एक विचारू? तुम्ही बाईमाणूस म्हणून.
ते… चार दिवस आले, तर वेदीजवळ कोण जाणार?"

मी दोरा ओवत होते.
एकतीस वर्षं वेदीवरची चादर मी धुते,
प्याल्याचा रुमाल मी धुते, नीळ देऊन, इस्त्री करून,
महिन्याचे तीसही दिवस.
म्हटलं, "दार ओढून घ्या, डास येतात."

मग घेर उलटला
आणि खालच्या दुमडीत आईचा टाका.
तिरका, घट्ट, दर सातव्याला गाठ.
आई बायबलबाई होती. माझगावपासून शिवडीपर्यंत
पायी, छत्री आणि झोळी.
गिरणीतल्या बायकांना अक्षरं शिकवायची,
आजाऱ्यांच्या उशाशी गुडघे टेकायची
आणि शनिवारी उमापसाहेबांना सांगायची
कुणाच्या घरी काय दुखतंय.
रविवारी ते व्यासपीठावरून नेमकं तेवढंच बोलायचे.
लोक म्हणायचे, साहेबांना मनातलं कळतं.
शिवडीच्या कबरस्तानात तिच्या दगडावर
'यादवराव ओहोळ यांची पत्नी.'
सगुणा कोरायचं राहून गेलं.

ब्लेडने एकेक टाका उसवला.
गाठींना वेळ लागला.
गोदीत कुठेतरी भोंगा झाला तेव्हा दीड वाजलेला.
नऊ इंच उंची काढली, खांदे आत घेतले,
छातीला चुणी घालावी तर कापडात जागाच नाही.
हा झगा कापणाऱ्यानं
असं शरीर धरलंच नव्हतं.

सकाळी दोन रांगा लागल्या.
एक शुलामिथबाईंपुढे,
एक परळहून मदतीला आलेल्या पाळकापुढे,
कालचा पोरगा, मिशीही धड नाही.
त्याची रांग दारापर्यंत.
बर्नबासकाका काठी टेकत इकडून तिकडे गेले,
मागोमाग त्यांची सून.
आणि मी?
खोटं कशाला लिहू. मीही तिकडेच.
कुणी ढकललं नव्हतं. पायांना सवय होती.

मग तिचा घेर दिसला,
डावीकडे जरा लोंबणारा. माझी चूक.
मी रांग सोडली. बाक सरकला, केवढा तरी आवाज झाला.
तिनं माझ्या तळव्यावर भाकर ठेवली.
बोटं गार होती.

नंतर झगा परत देताना
तिनं मूठ उघडली. टाचणी.
मानेपाशी राहून गेलेली.
"अगं बाई, सांगायचं नाही का?"
"बारा वर्षं काहीतरी टोचतंय," ती म्हणाली,
"आज पहिल्यांदा हाताला लागलं."

हसलो. सेक्रेटरी दानपेटी मोजायला आत आले,
तरी हसू लगेच थांबेना.

टाचणी पदराला लावलीय.
मंगळवारी मंगलदास मार्केटातून पांढरं पॉपलीन आणायचं,
पाच मीटर.
वहीत लिहून घेतलंय: उंची, खांदा, छाती,
आणि सगळ्यात वर नाव.
आईचंही लिहिलंय, मागच्या पानावर.
माप मात्र आठवलं नाही.