रुमालाखालचा आकडा

रोज साडेसातला फोन वाजतो.
लातूरच्या दवाखान्याचं ॲप विचारतं,
नमस्कार निवृत्ती, आज आपली वेदना किती?
शून्य ते दहा. खाली अकरा पिवळी तोंडं,
पहिलं हसतं, शेवटचं रडतं.

अण्णांना उभ्या जन्मात कुणी निवृत्ती म्हटलं नाही.
हंडरगुळीच्या बाजारात ते निवर्ती हेडी.
देवणी गोऱ्ह्याचा जबडा उघडायचा,
दात मोजून वय सांगायचं,
आणि किंमत तोंडानं कधीच बोलायची नाही.
दोन हातांवर रुमाल टाकायचा.
एक बोट धरलं की हजार,
पंजा धरला की पाच.
मालकाचा सख्खा भाऊ शेजारी उभा असला
तरी नुसता तोंडाकडं बघत राहायचा.

इतक्या जनावरांची तोंडं उघडून बघणाऱ्याला
स्वतःच्या जिभेवरचा पांढरा चट्टा दिसला नाही.
दिसला होता.
चुन्यानं भाजलं, म्हणाले.

आता अर्धी जीभ दवाखान्यात राहिली.
उरलेल्या अर्धीला शब्द पेलत नाही.
मी प्रश्न वाचून दाखवते,
ते खांद्यावरचा रुमाल काढतात,
माझ्या हातावर टाकतात
आणि खालून माझी तीन बोटं धरतात.

तीन.
मी तीन दाबते.
ॲप म्हणतं, आपली वेदना सौम्य आहे, भरपूर पाणी प्या.
पाणी नाकातल्या नळीतून जातं,
सिरिंज भरून भरून मीच घालते.
त्याला काय माहीत.

सौम्य म्हंजी काय गं? आईनं विचारलं.
थोडं, मी म्हटलं.
मध्यरात्री तिनं मला हलवून उठवलं,
अण्णांच्या बाजेकडं बोट केलं.
दोन्ही मुठींत बाजेची नवार आवळून
ते छताकडं बघत होते.
हे थोडं व्हय?

अकरा दिवस तीनच.
ॲपमधली रेघ वखरलेल्या रानासारखी सपाट,
आणि गोळी तीच, तेवढीच.

बाराव्या दिवशी शेख सिस्टरचा व्हिडिओ कॉल आला.
झोपतात का रात्री? खरं सांगा.
आकडा वाढला म्हणून बिल वाढत नाही, काका,
कुणी ॲडमिट करून ठेवत नाही.
गोळी किती द्यायची ते आम्हाला कळावं
एवढ्यासाठीच तो आकडा.

अण्णा माझ्याकडं बघायला लागले.

हेडी पहिला आकडा कधी खरा सांगतो का?
अकरा दिवस ते सौदा करत होते,
समोर कोण आहे ते न दिसता.
त्यांना वाटलं, आकडा म्हणजे
आपल्याला मोजावी लागणारी किंमत.
जमेल तेवढी खाली ओढायची.
आणि मी बारावी पास,
रोज वाचून दाखवत होते फक्त.
सांगितलं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी फोन वाजला
तेव्हा मी सवयीनं हात पुढं केला.
अण्णांनी रुमाल काढला, घडी केली,
उशाला ठेवून दिला.
उघड्यावर, आईच्या देखत,
माझा पंजा धरला. सोडला.
मग तीन बोटं.

मी आठ दाबलं.
आमच्याकडं रेंज गोठ्याच्या दारातच येते,
तिथं उभं राहून गोल फिरणारं चक्र बघत राहिले,
एका हातात फोन,
दुसरा हात मागं ताणलेला,
बाज ओढून दारापर्यंत आणलेली.
हिरवी खूण आली नाही.
आलं ते एवढंच:
थोड्या वेळात सिस्टर फोन करतील.

आकडा पटला की हात सोडायचा असतो, बाजाराची रीत.
अण्णांनी सोडला नाही.
तिन्ही बोटं तशीच धरून ठेवली,
सिस्टरचा फोन येईपर्यंत.