झेरॉक्सचं बिल

सिव्हिलच्या फाटकासमोर माझं दुकान, सहा फूट बाय पाच.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो,
आणि पाटीवर नाही तो खरा धंदा:
मराठी माणसाचा कानडी फॉर्म भरून देणं.
किती जणांच्या किडन्या, किती जणींच्या पिशव्या
मी कन्नडात उतरवल्या,
काना-मात्रा सांभाळून.

डिसेंबरात सरकार आमच्याकडे राहायला येतं.
हलग्याच्या माळावर सौध उजळतं,
लॉजची भाडी दुप्पट,
हायवेकडेच्या म्हशींनाही पोलीस विचारतात, कुठं?

त्याच आठवड्यात आली यल्लव्वा उचगावकर.
वडगावात तीस वर्षं पावरलूमवर,
त्यामुळं ऐकायला कमी, त्यामुळं बोलणं मोठ्यानं,
त्यामुळं तिच्या घरचं दुखणं
अख्ख्या रांगेला पाठ.
नवऱ्याच्या काळजाची झडप गेलेली.
रेशनकार्डावर तो बाळाप्पा, आधारवर बाळकृष्ण.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, ही दोन माणसं आहेत.
"दोन असते तर
एकाला तरी कामाला लावली असते की रे!"

तिकडच्या सरकारचीही एक योजना आहे म्हणे, सीमेवरच्यांसाठी.
तिला दाखला लागतो,
दाखल्याला दाखला लागतो,
आणि दवाखाना शिनोळी ओलांडून बराच पुढं.
"हे म्हणतात आमचे, ते म्हणतात आमचे,
झडप आमची म्हणून कोण म्हणीना झालंय."

तेवढ्यात पांढरा शर्ट, गळ्यात पास,
हातात जाडजूड फाईल.
"अर्जंट इदे. एरडु सेट."
आमदारसाहेबांचा माणूस.
यल्लव्वानं स्वतःच बाजूला होऊन जागा दिली,
सवयीनं.

मी पानं लावत गेलो.
बंगळूरच्या दवाखान्यात बाईसाहेबांचा गुडघा.
चष्मे दोन.
दाढ एक, तिच्यावर टोपी.
येण्याजाण्याचं विमान.
कुठं कुणी विचारलेलं नाही
नाव असं का आणि तसं का.

राग आला म्हणाल, तर नाही.
गुडघा गुडघाच असतो,
रात्री दोन वाजता तोही माणसाला उठवून बसवतो.
फक्त समोरच्या चहावाल्याच्या टीव्हीवर
नेमके साहेबच उभे होते सभागृहात,
सांगत होते, पुस्तकातून वाचल्यासारखं,
की फुकट मिळालं की माणूस
औषधाची किंमत विसरतो.
बोलताना दाढ चांगली बसलेली दिसली.

मशीनची काच तापली होती.
तिच्यावरच मग ठेवला बाळाप्पाचा एको,
काळ्या कागदावर राखाडी धूर,
धुरात कुठंतरी ती झडप,
उघडी राहिलेल्या खिडकीसारखी.
काचेला काय, तिनं तोही उचलला
तितक्याच स्वच्छ.

पांढऱ्या शर्टानं पैसे दिले, बावीस रुपये.
निघता निघता वळला:
"याचंही बिल कर. क्लेमला लावायचंय."
मी लिहिलं. शिक्का मारला.
गाडी गेली हलग्याच्या दिशेनं.

"त्याला कशाला रे पावती?"
मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं,
त्यांना पैसे परत मिळतात. झेरॉक्सचेसुद्धा.
ती थांबली थोडी.
बटव्यातली नाणी एकदा मोजली, मग परत मोजली.
चौदा झाले होते तिचे, माझ्याकडून सोडले मी,
तरी ती गल्ल्यावर ठेवून हटली.

"मग मलाबी एक लिहून दे की.
त्यांच्यासारखीच. शिक्क्याची."

कार्बन सरळ केला.
नाव: बाळाप्पा, कंसात बाळकृष्ण.
तपशील: प्रती सात.
रक्कम: चौदा.
खाली एक ओळ असते छापलेली,
कुणाकडून येणे,
ती मी नेहमी कोरी सोडतो.

तिनं चार घड्या घातल्या,
कार्डाच्या शेजारी ठेवली,
आणि विचारलं मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं:
"कुठल्या खिडकीला द्यायची ही?"