खिडकी क्रमांक तीन

माझ्या खिडकीवर 'चौकशी' लिहिलेलं आहे.
त्यातला 'क' कधीचाच झडून गेला.
लोक 'चौशी' वाचतात, तरी बरोबर इथेच येतात.

साहेब, कचरागाडी आमचीच गल्ली काऊन सोडते?
ओला डबा कोणता, सुका कोणता,
अन् संत्र्याची सालं दोन दिवस उन्हात वाळवली
तं मंग ती कोणत्या डब्यात?

टॅक्स भरला तरी डिमांड आली.
डिमांड आली पण घर माझं नाही.
घर माझं आहे पण आरएल नाही.
त्याला मी एनआयटीत जा म्हणतो,
एनआयटीवाले त्याला इकडे धाडतात.
दोन ऑफिसांच्या मधल्या रस्त्यावरच कुठेतरी
त्याचा प्लॉट असावा.

मोकाट कुत्र्यांची तक्रार तळमजल्यावर,
डुकरांची वरच्या.
असं का, हे सतरा वर्षांत
मीही कुणाला विचारलेलं नाही.

निमजे काका दर मंगळवारी, दर सोमवारी,
खरं तर रोजच येतात. प्रश्न नसतो त्यांना.
कूलरसमोरच्या बाकावर बसतात,
वाळ्याचा वास घेत डुलक्या काढतात,
आणि बाराच्या सुमारास विचारतात,
"आज काही नवीन नियम?"
नाही म्हटलं की समाधानानं घरी जातात.

मे महिन्यात एक पोरगी आली.
टाचा उंचावूनही खिडकीत फक्त कपाळ आणि डोळे.
उन्नती मरसकोल्हे, वाठोडा, चौथी पास.
"नळ किती वाजता येतात?"
पहाटे.
"पहाटे म्हणजे किती वाजता?"
तीन ते सहाच्या दरम्यान. दाबावर आहे ते.
"मंग लिहून द्या.
माय दोनपासून गुंड लावून बसते,
सहाला कामावर जाते.
लिहून दिलं तं झोपन थोडी."

लिहून.
इतकी अवघड मागणी या खिडकीवर
आजवर कुणी केली नव्हती.
आमचं काम सांगायचं, हात हलवायचा, मजला दाखवायचा.
लिहायचं ते वरच्यांनी,
आणि वरचे लिहीत नाहीत,
म्हणून तर वर आहेत.

पाठकोरा कागद घेतला. लिहिलं: पहाटे चार.
"शिक्का?"
हाताशी एकच होता, 'आवक'चा. तोच मारला.
तिनं तो फुंकून फुंकून वाळवला
आणि कागदाच्या चार घड्या करून
कंपासपेटीत ठेवला.

त्या रात्री मानेवाड्याला, माझ्या घरी,
मला बरोबर चारला जाग आली.
उठलो, मोरीत गेलो, नळाला कान लावला.
आत लांब कुणीतरी खाकरत होतं. नुसती हवा.
बायको अंधारातून म्हणाली, काऊन उठले?
म्हटलं, ऑफिसचं काम आहे.

सोमवारी ती परत.
कागद घामानं फडक्यासारखा मऊ झालेला.
"पावणेपाचला आले.
माय चारपासून बसली होती."
मी मान खाली घातली.
"पण दोन ते चार झोपली," ती म्हणाली,
आणि कागद जाळीखालून आत सरकवला.
"दुरुस्त करून द्या."

दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज लागतो,
हे जिभेच्या टोकाशी आलंच होतं, सवयीनं.
बाकावरून निमजे काका डोळे उघडून बघत होते.
चार खोडलं. वर पावणेपाच लिहिलं.
कागद परत दिला.

ती हलेना.
माझ्या डोक्यावरच्या फळ्याकडे बोट करून
सूचना क्रमांक नऊ तिनं मोठ्यानं वाचली,
एकेक अक्षर सुटं करत:
खाडाखोड केल्यास
बाजूला
सही आवश्यक.