बटवडा

केईएमचा तिसरा मजला, रात्रीचे पावणेतीन.
काचेच्या दाराआड बाबा.
दाराबाहेर चार खुर्च्या, न फिरणारा पंखा,
मी, आणि गंज पेठेतल्या जुलेखाबी.
त्यांचा नातू आत आहे.

त्यांची बोटं तसबीवरून सरकतायत.
माझ्या हातात औषधांचं बिल,
घड्या घालून घालून सुपारीएवढं झालेलं.
मला काहीच पाठ नाही.
लहानपणीचं एक स्तोत्र दुसऱ्या ओळीला अडतं,
नेहमी तिथेच, जिथे केंजळेबाई डोळे मिटून पुढे जायच्या
आणि मी त्यांच्या आंबाड्याकडे बघत मागे राहायचे.

बाबांनाही येत नव्हतं.
एकतीस वर्षं पोस्टमन.
देवापुढे उभे राहिले ते सायकलवरूनच,
एक पाय जमिनीला टेकून.
पण मला ताप चढला की उशाशी बसून
ते आपला बटवडा म्हणत:
मोदी गणपती, पत्र्या मारुती, मातीचा गणपती,
चिमण्या गणपती, उपाशी विठोबा,
खुन्या मुरलीधर, भिकारदास मारुती.
आई म्हणायची, अहो, ही काय प्रार्थना झाली?
बाबा म्हणायचे, मजकूर त्याला ठाऊक असतो.
आपण पत्ता नीट सांगावा.

आई गेली त्या वर्षी मी विचारलं,
आणि पत्र परत आलं तर?
बाबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.
परत आलेल्या पत्रावरही शिक्का असतो, म्हणाले.
कुणीतरी जिने चढून, दार वाजवून आलेलं असतं.

तेव्हा पटलं नव्हतं.
आत्ताही पटलंय असं नाही.
पण पोटात भीती ओल्या गोणपाटासारखी
आणि करण्यासारखं दुसरं काही नाही,
म्हणून निघते.
मोदी गणपती. पत्र्या मारुती.
उपाशी विठोबापाशी बाबा डबा खायचे,
आणि त्याचं त्यांना थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.
खुन्या मुरलीधराच्या वळणावर चेन उतरायची.
हात काळे करून ती बसवायची, मग पुढे.

जुलेखाबी वाकून विचारतात,
काय म्हणतीस गं?
पत्ते, मी म्हणते.
त्या मान हलवतात, जणू दुसरं काय असणार.
मग जरा थांबून:
माझ्या सादचं पण टाक त्यात.
टाकलं, मी म्हणते,
आणि त्यांचा एक मणी पुढे जातो.

पाचला सिस्टर बाहेर येते.
अजून तसंच आहे, म्हणते. दोघांचंही.
खाली रास्ता पेठेत कुणीतरी शटर उचलतंय,
दुधाच्या क्रेट आदळतायत एकमेकींवर.
बिल उलगडून मी मांडीवर सरळ करते.
त्यावर बाबांचं नाव आहे, वय आहे,
आणि कोपऱ्यात निळा, अर्धवट उमटलेला
शिक्का.

भिकारदासपाशी बीट संपतं.
तिथून सायकल वळवायची.
मोदी गणपती.
पत्र्या मारुती.